दिवटीच्या उजेडातले फोटो रवाळ का होतात: गोंधळाच्या अल्बमचं एक प्रकरण

लग्न मे महिन्यातलं, गाव तुळजापूर तालुक्यातलं. लग्नाच्या दुसऱ्या रात्री घरच्या अंगणात गोंधळ घातला गेला. उजेड कशाचा, तर गोंधळ्यांच्या दोन दिवट्या, घटापुढची समई आणि माळवदाच्या खांबाला टांगलेला ९ वॅटचा एक एलईडी बल्ब. फ्लॅश मारू नका, असं घरच्यांनी आधीच सांगितलेलं. मुख्य कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा), त्यावर २४-७० एमएम एफ २.८ लेन्स, आयएसओ (टिपलेला उजेड किती पट वाढवायचा तो आकडा) ६४००, शटर १/१२५ सेकंद. त्यावर ३४० रॉ फाइली (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या) निघाल्या. सोबतच्या पोराच्या हातात दुसरा, लहान सेन्सरचा कॅमेरा होता आणि त्यावर नुसत्या जेपेग फाइली. अल्बम ठरला १२ बाय ३६ इंची शीटचा.

एडिटिंग लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये. पहिल्या फेरीत जे झालं ते बऱ्याच स्टुडिओंत रोज होतं. मंगल कार्यालयातल्या फोटोंसाठी बनवलेला प्रीसेट (जतन केलेली तयार सेटिंग्ज) गोंधळाच्या फोटोंनाही लावला गेला. टेम्प, म्हणजे रंगतापमानाचा स्लायडर, ऑटोवर जाऊन २०५० ला बसला. एक्स्पोजर अधिक १.८, शॅडोज (काळोख्या जागांचा उजेड) अधिक ८०, धूर कापायला डीहेझ अधिक २५, वर क्लॅरिटी (कडांचा उठाव) अधिक ३०. फोटो उजळले, पण त्यात जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या दिसायला लागल्या. मग ल्युमिनन्स, म्हणजे उजेडातली खरखर पुसणारा स्लायडर, ७५ वर नेऊन तेच सगळ्या फोटोंना सिंक. मुंग्या गेल्या, पण त्यांच्याबरोबर पैठणीच्या पदराची जर, गोंधळ्याच्या गळ्यातल्या कवड्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या सुरकुत्याही गेल्या. नमुना पाहून नवरीच्या आत्यानं एकच वाक्य म्हटलं, "हे सगळे मेणाचे पुतळे दिसायलेत की." अल्बम परत.

दुरुस्तीला हात घालण्याआधी नॉइज, म्हणजे या मुंग्या, नेमका कुठे आहे ते पाहावं लागतं. एक फाइल फोटोशॉपमध्ये उघडा आणि चॅनेल्स पॅनलमध्ये तिन्ही चॅनेल एकेक करून बघा: कंट्रोल ३ ला लाल, ४ ला हिरवा, ५ ला निळा. या फोटोंत लाल चॅनेल जवळजवळ स्वच्छ होता, हिरवा थोडा खरखरीत. निळा मात्र सँडपेपरसारखा, चेहरा कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो तेही धड कळेना. म्हणजे आजार सगळ्या फोटोला नव्हता, एका चॅनेलला होता. ल्युमिनन्सचा स्लायडर ओढणं म्हणजे दुखतंय दाढेला आणि पट्टी बांधली गुडघ्याला.

निळाच का, याचं उत्तर दिवटीत आहे. तेलात भिजलेल्या कापडाच्या ज्योतीचं रंगतापमान साधारण १९०० ते २००० केल्विन असतं. दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास. ज्योतीच्या उजेडात लाल-पिवळा भरपूर आणि निळा नावापुरता. उदाहरणापुरतं धरा की चेहऱ्यावरच्या लाल पिक्सेलला ४०० फोटॉन (उजेडाचे कण) मिळाले आणि शेजारच्या निळ्याला २५. उजेडाचा चढउतार फोटॉनच्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. लालमध्ये तो २०, म्हणजे ५ टक्के. निळ्यात ५, म्हणजे तब्बल २० टक्के. आता पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून सॉफ्टवेअर निळ्याला कितीतरी पट करतं. पट केल्यानं फोटॉन वाढत नाहीत, २० टक्क्यांची खरखर तेवढीच राहते, फक्त आता ती उजेडात येऊन उभी राहते. त्यात सेन्सरवर चार पिक्सेलांमागे निळा एकच असतो, उरलेली जागा शेजाऱ्यांवरून अंदाजानं भरली जाते. त्यामुळे हा नॉइज बारीक ठिपक्यांचा न राहता निळसर-जांभळ्या डागांचा होतो. हळदीनं पिवळ्या झालेल्या गालांवर आणि काळ्या केसांत तो सगळ्यात आधी दिसतो.

इथे एक गैरसमज बाजूला सारू. मे महिन्याच्या उकाड्यानं सेन्सर तापला म्हणून ग्रेन (रवा) आला, असं हमखास ऐकायला मिळतं. सेन्सर तापला की डार्क करंट (उजेड नसतानाही सेन्सरमध्ये वाहणारा प्रवाह) वाढतो हे खरं, दर ६ ते ८ अंशांमागे तो साधारण दुप्पट होतो. पण त्याचा त्रास काही सेकंदांच्या किंवा मिनिटांच्या एक्स्पोजरला होतो, म्हणजे रात्री ताऱ्यांचे फोटो काढताना. १/१२५ सेकंदात त्याला डोकं वर काढायला वेळच मिळत नाही. दोष उन्हाळ्याचा नव्हता, उजेडाचा होता.

दुसरा घोटाळा मीटरिंगचा, म्हणजे कॅमेऱ्यानं उजेड मोजण्याचा. फ्रेममध्ये ज्योत आली की कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि तो एक्स्पोजर खाली ओढतो. चेहरे दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) काळे पडले होते. ६४०० आयएसओचा फोटो दोन स्टॉप उचलला की व्यवहारात तो २५६०० चा झाला. फाइलीवर लिहिलेल्या आकड्यावर जाऊन "६४०० ला तर आपला कॅमेरा छान चालतो" म्हणणं इथे फसतं.

दुरुस्तीची पहिली पायरी नॉइजच्या पॅनलमध्ये नव्हतीच. प्रीसेट काढला, डीहेझ आणि क्लॅरिटी शून्यावर आणले. धूर हा डीहेझच्या दृष्टीनं धुकंच. तो कापायला ते काळोखातला कॉन्ट्रास्ट ताणतं, आणि काळोखात ताणण्यासारखं होतं काय, तर नॉइज. शिवाय गोंधळाच्या फोटोतला धूर काढायचा कशाला, हा प्रश्न आहेच.

मग टेम्प. लाइटरूममध्ये रॉ फाइलीसाठी हा स्लायडर २००० च्या खाली जातच नाही, म्हणजे २०५० ला बसलेला ऑटो जवळजवळ तळाला टेकला होता. तो २७५० वर आणला. फोटो केशरी झाला, आणि तो तसाच असायला हवा होता; दिवटीच्या उजेडात बसलेल्या माणसाच्या डोळ्यालाही पांढरं धोतर केशरीच दिसतं. निळ्या चॅनेलला द्यावी लागणारी पट कमी झाली आणि नॉइजचा स्लायडर न हलवता निम्मे जांभळे डाग विरले. या प्रकरणात सगळ्यात मोठा फरक या एका हालचालीनं पडला. २९०० च्या वर गेलं की हळद आणि कातडी एकाच रंगाची व्हायला लागते, कुंकू नारिंगी दिसतं, तिथे थांबावं. बल्बच्या जवळ बसलेल्या बायकांचे चेहरे मात्र या सेटिंगला निळसर निघाले, कारण त्यांच्यावर एलईडीचा थंड उजेड होता आणि सेटिंग दिवटीच्या उजेडाला धरून होतं. तेवढ्यापुरता ब्रश मास्क (ब्रशनं रंगवलेल्या जागेपुरतं सेटिंग) लावून टेम्प अधिक १२ केला.

एक्स्पोजर १.८ वरून ०.९ वर, शॅडोज ८० वरून १५ वर, ब्लॅक्स उणे १२. मागच्या भिंतीवरची पाल दिसलीच पाहिजे असा कुणाचा आग्रह नसतो. चेहऱ्याला उजेड हवा असेल तर तेवढ्या चेहऱ्यावर मास्क घालून अधिक ०.५ द्यावं, बाकी रात्र रात्रच राहू द्यावी.

आता डीटेल पॅनल. रॉ फाइलीला कलर नॉइज रिडक्शन मुळात २५ वर असतं, डीटेल ५० आणि स्मूदनेस ५०. इथे कलर ४५ आणि स्मूदनेस ८० केलं. मोठे, पसरट डाग स्मूदनेसनं जातात, नुसतं कलर वाढवून जात नाहीत. कलर आणखी वाढवायचा मोह होतो. ८० वर नेऊन पाहिलं तर हिरव्या चुड्याचा रंग फिका पडला आणि कुंकवाची कड कपाळावर ओघळल्यासारखी झाली. लहान जागेतला गडद रंग आणि रंगाचा नॉइज यांत सॉफ्टवेअरला फरक करता येत नाही. तपासायला दोन जागा धराव्यात: कुंकवाची कड आणि मुंडावळ्यांचे मणी. त्या शाबूत असतील तर सेटिंग बरोबर.

ल्युमिनन्स ७५ वरून २० वर आणलं, डीटेल ६०. एवढ्यानं रवाळपणा पूर्ण जात नाही आणि जायलाही नको. बारीक, एकसारखा, बिनरंगी रवा डोळ्याला खटकत नाही. खटकतात ते रंगीत डाग.

शार्पनिंगकडे फार कुणी पाहत नाही, पण रॉ फाइलीला ४० चं शार्पनिंग आपोआप लागलेलं असतं आणि मास्किंग शून्य, म्हणजे अंधारातल्या प्रत्येक ठिपक्यालाही धार लावली जाते. एका हातानं नॉइज पुसायचा आणि दुसऱ्या हातानं त्याला धार लावायची असा हा कारभार. अमाउंट ४० ठेवलं, डीटेल २५ वरून १०, आणि ऑल्ट दाबून मास्किंग ७५ पर्यंत ओढलं. ऑल्ट दाबल्यावर पडद्यावर जे पांढरं दिसतं तिथेच धार लागते. पांढऱ्यात डोळे, दागिने, संबळाची कड आणि झग्याच्या चुण्या राहिल्या, अंगण काळं झालं, की बोट उचलायचं.

मोठ्या फोटोंसाठी लाइटरूममधलं एआय डीनॉइज (एआयनं नॉइज काढणारं साधन) वापरलं, पण सगळ्यांना नाही. साध्या लॅपटॉपवर एका फोटोला पाच मिनिटं धरली तर ३४० फोटोंना १७०० मिनिटं होतात, म्हणजे २८ तास २० मिनिटं.  चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर हेच काम फोटोमागे काही सेकंदांत होतं, पण तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत ते असेलच असं नाही. अल्बमात अर्ध्या शीटपेक्षा मोठे जाणारे २२ फोटो निवडले, तेवढ्यांनाच लावलं. हे डीनॉइज कॅमेऱ्याच्या रॉ फाइलीवर चालतं, जेपेगवर नाही. सॉफ्टवेअर जुनं असेल तर प्रत्येक फोटोची वेगळी आणि मूळ फाइलपेक्षा बरीच मोठी डीएनजी (रॉसारखीच एक फाइल) तयार होते. हार्ड डिस्कवर जागा आधीच बघून ठेवावी. क्रमही महत्त्वाचा: व्हाइट बॅलन्स (म्हणजे टेम्प) आणि एक्स्पोजर ठरवा, मग डीनॉइज, आणि त्यानंतर एआयचे मास्क, हीलिंग (डाग मिटवणं) वगैरे.

मुळात अमाउंट ५० वर येतं. त्या आकड्याला गोंधळ्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ १०० टक्क्यांवर बघण्यासारखी झाली. कवडीच्या पोटाला दातेरी फट असते. पुढच्या चार कवड्यांचे दाते नीट राहिले, मागच्या सगळ्या कवड्या नदीतल्या गोट्यांसारख्या गुळगुळीत झाल्या, आणि मधल्या दोघींना तर सॉफ्टवेअरनं स्वतःच्या मनानं आडवे दाते काढून दिले. पैठणीच्या पदरावर जरीचे धागे दोन-तीन पिक्सेलांवर आले होते, तिथे विणीऐवजी अळ्यांसारखी वळवळती नक्षी उमटली. मागच्या रांगेतले चेहरे सगळ्यात वाईट. जिथे अख्खा चेहराच ४० पिक्सेलांचा आहे तिथे डोळे कुठून येणार? पण ते आणले गेले, आणि एका काकांचे दोन्ही डोळे एकमेकांकडे बघायला लागले. माणसं आपल्या अल्बमात मागच्या रांगेतले चेहरेही शोधतात, हे विसरून चालत नाही.

अमाउंट ३० केलं. कवड्या बऱ्या झाल्या, पदर बराच सावरला. मागच्या रांगेचे जिथे फारच बिनसलं होतं अशा चार फोटोंत एआय काढून टाकलं आणि नेहमीचं ल्युमिनन्स २० लावलं. या पद्धतीत मास्कमधला नॉइज स्लायडर कामाला येतो: उणे बाजूला ओढला की त्या जागेपुरतं ल्युमिनन्सचं काम मागे घेतलं जातं. पदरावर आणि कवड्यांवर उणे ४० दिलं. उरलेल्या अंगणावर मात्र उलट, अधिक २५.

लाइटरूमचं सबस्क्रिप्शन नसेल तर फुकटच्या डार्कटेबलमध्ये हीच कल्पना राबवता येते. त्यातलं डीनॉइज प्रोफाइल्ड मॉड्यूल तुमच्या कॅमेऱ्याच्या आणि आयएसओच्या मोजमापावर चालतं. वेव्हलेट्स निवडून रंगाचा वक्र वर ठेवायचा आणि उजेडाचा खाली. शिकायला दोन रात्री जातात, पण एआय नसल्यामुळे ते मनानं दाते काढत नाही.

पोराच्या कॅमेऱ्यातल्या जेपेगचं काय? तिथे फारसं हातात नव्हतं. कॅमेऱ्यानंच आत नॉइज पुसून, धार लावून, दाबून फाइल दिलेली. गेलेला तपशील परत येत नाही, आणि जेपेगच्या चौकोनांत अडकलेला नॉइज रिडक्शननं नीट निघत नाही. कलर ३० च्या पुढे नेलं नाही, ल्युमिनन्स शून्य, आणि हे फोटो अल्बमात चार बाय सहा इंचाच्या वर लावले नाहीत. त्यांतल्या १७ फोटोंत आडवे काळपट पट्टे होते. एडिटरनं त्यांनाही नॉइज समजून ल्युमिनन्स ९० वर नेलं होतं. ते पट्टे बल्बचे. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो, आणि सायलेंट शटरवर १/३२० ला सेन्सरच्या ओळी एकेक करून वाचल्या जाताना काही ओळी मंद क्षणात सापडतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं असतं तर पट्टे आलेच नसते. पाच फोटो लिनियर ग्रेडियंटनं (सरळ पट्ट्याच्या मास्कनं) ओळीओळीनं उजळून सावरले, बारा टाकून दिले.

नॉइज पाहायचा किती मोठा करून, यावर निम्मं काम अवलंबून असतं. २०० टक्क्यांवर जाऊन ठिपके मारत बसणारा एडिटर फोटो नाही, सेन्सर बघत असतो. हिशोब साधा आहे. १२ बाय ३६ च्या अर्ध्या शीटवर फोटो १८ बाय १२ इंचाचा, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ५४०० बाय ३६०० पिक्सेल. मूळ फोटो ६०००  बाय ४०००, म्हणजे लहान होऊन नॉइज दबण्याचा फायदा जवळपास नाहीच. तोच फोटो सहा बाय चार इंचाला १८०० बाय १२०० होतो, अकरा पिक्सेलांचा एक होतो आणि विखुरलेला नॉइज साधारण एकतृतीयांश उरतो. म्हणून लहान फोटोंना एआयची गरजच नव्हती. आता पडदा: २४ इंची फुल एचडी मॉनिटरला इंचात ९२ पिक्सेल असतात. त्यावर १०० टक्क्याला दिसणारा फोटो छापील फोटोच्या सव्वातीन पट मोठा असतो. मांडीवर अल्बम घेतल्यावर जे दिसेल ते बघायचं असेल तर अल्बमच्या मापाला एक्स्पोर्ट केलेली फाइल ३३ टक्क्यांवर बघावी. १०० टक्के फक्त कवड्या आणि कुंकू तपासायला.

छपाईआधी एक खोड निघाली. एआय लावलेल्या फोटोंत ज्योतीभोवतीचा धूर इतका स्वच्छ झाला की ८ बिटच्या जेपेगमध्ये उजेडापासून अंधारापर्यंत पायऱ्या दिसायला लागल्या, कांद्याच्या चकत्यांसारख्या. नॉइज असताना त्या दिसत नव्हत्या, कारण बारीक रवाच एका छटेला दुसरीत मिसळवत असतो. उपाय उलटा वाटेल: इफेक्ट्समध्ये जाऊन ग्रेन अमाउंट १४, साइज २२. पायऱ्या गेल्या. शिवाय एका शीटवर एआयचा गुळगुळीत फोटो आणि शेजारी साधा फोटो ठेवला की दोन वेगळ्या लग्नांचे वाटत होते, तेही जुळले. नंतर सगळी शीट न छापता चेहरा, पदर आणि अंधार एकत्र येतील असा सहा बाय आठ इंचाचा तुकडा पूर्ण मापात काढून त्याच कागदावर छापून घेतला. मॅट कागद अंधारातला नॉइज बऱ्यापैकी गिळतो, ग्लॉसी गिळत नाही. कागद मॅट ठरला.

पुढच्या गोंधळाला काय वेगळं करायचं तेही स्टुडिओच्या वहीत गेलं. ५० एमएम एफ १.८ लेन्स: एफ २.८ पेक्षा साधारण २.४ पट उजेड, नॉइजच्या तुलनेत चित्र दीडपट सरस. स्पॉट मीटरिंग चेहऱ्यावर, ज्योत जळाली तरी चालेल. शटर १/१००, संबळावरचा हात थोडा हलेल, हलू द्यावा. आणि घरच्यांनी परवानगी दिलीच तर केशरी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावलेलं एक लहान एलईडी पॅनल, तोंड चुन्याच्या भिंतीकडे करून. माळवदाच्या घरात छतावर उजेड मारून उपयोग नाही, काळी पडलेली लाकडं तो पिऊन टाकतात.

एक फोटो मात्र यातल्या कशालाच बधला नाही. दिवटी ओवाळताना गोंधळ्याचा चेहरा, ज्योत त्याच्या मागे, चेहरा चार स्टॉप काळा. घरच्यांना तो हवाच होता. रंगात तो वाचण्यासारखा नव्हता, म्हणून काळा-पांढरा करायचं ठरलं. शुभकार्याच्या अल्बमात असा फोटो चालेल का, हे आधी विचारून घेतलं. फोटोशॉपच्या चॅनेल मिक्सरमध्ये मोनोक्रोम निवडून निळा सरळ शून्यावर नेला, रंगाचे डाग तिथेच संपले. सगळ्यात स्वच्छ लाल म्हणून आधी लाल १०० केला. चेहरा सुरेख उजळला, पण कपाळावरचा मळवट गायब: लाल चॅनेलमध्ये कुंकू आणि कातडी दोन्ही सारखीच उजळ दिसतात. हिरव्यात कुंकू गडद राहतं. लाल ४०, हिरवा ६०, निळा ०. थोडा रवा वाढला, मळवट परत आला, आणि फोटो पानभर लागला.